टर्बोच्या ऑइल रिटर्नचा पाईप तापलेल्या मेनिफोल्डजवळून कसा न्यावा? (इंदूर, लोडिंग गाडी)

सिमरोल_लोडिंग

नमस्कार मंडळी. गाडी हलका ट्रक आहे, चार सिलिंडर टर्बो डिझेल, इंटरकूलरसह. भरून इंदूर–खंडवा फेऱ्या असतात, म्हणजे रोजचा भेरूघाट. टर्बो एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळाच्या) वर बसलेला आहे. त्याच्या पोटातून निघणारा रिटर्नचा मूळ लोखंडी पाईप वरच्या फ्लँजच्या वेल्डिंगजवळ तडकला. एका गॅरेजने त्या जागी ५/८ इंची काळा रबरी होज आणि दोन पेचाच्या क्लिपा लावून दिल्या.

आजची स्थिती अशी. होज सरळ नेला की मेनिफोल्डला टेकतो, म्हणून लांब घेऊन बाहेरून वळवला आहे. त्यामुळे मध्ये पोट आलंय. ते ब्लॉकच्या तोंडापेक्षा साधारण ४० मिमी खाली लोंबतं आणि तिथून होज वर चढून ब्लॉकला लागतो. सगळ्यात जवळची जागा मेनिफोल्डपासून १५ मिमी. तिथे होज दगडासारखा कडक झालाय आणि दाबला की बारीक भेगा दिसतात. वरची क्लिप पाझरते, थेंब मेनिफोल्डवर पडतात, जळक्या तेलाचा वास येतो. घाट चढून गाडी उभी केली की सायलेन्सरमधून पाचेक मिनिटं निळा धूर.

टर्बोच्या तोंडापासून ब्लॉकच्या तोंडापर्यंत उंचीचा फरक १४० मिमी, आडवं अंतर १७० मिमी. टर्बो मागे, ब्लॉकचं तोंड पुढे, रेडिएटरच्या बाजूला.

गॅरेजचं म्हणणं टर्बोची सील गेली, नवीन कार्ट्रिज (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग) टाका. माझे प्रश्न: कार्ट्रिज खरंच गेलं असेल का? पाईप कशाचा करावा? मेनिफोल्डपासून किती लांब ठेवावा? आणि होजवर काचेच्या धाग्यांची स्लीव्ह चढवून भागेल का?

पीथमपूर_टेस्टबेंच

दादा, सगळ्यात आधी गाडी उभी करा. १५डब्ल्यू-४० तेलाचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअस असतो आणि भरली गाडी घाट चढताना डिझेलचं मेनिफोल्ड ५०० ते ६०० अंशांवर जातं. आज थेंब पडून नुसता धूर होतोय. क्लिप निसटून धार लागली तर बॉनेटखाली आग लागेल. होज बदलेपर्यंत एकही फेरी करू नका.

आता कार्ट्रिज. घाई करू नका, तुमचा धूर बहुतेक त्या लोंबलेल्या पोटाचा आहे.

टर्बोकडे येणारी फीड लाइन नळासारखी असते. बारीक पाईप, आत ३–४ बार प्रेशर. रिटर्न मात्र मोरीसारखा. बेअरिंगमधून बाहेर पडलं की तेलाचं प्रेशर संपतं आणि शाफ्ट लाखभर आरपीएमने फिरत असल्यामुळे त्यात हवा घुसळली जाऊन फेस होतो. हा फेस केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणूनच फीडचं भोक ४–५ मिमीचं आणि रिटर्नचं १६ ते १९ मिमीचं ठेवतात. रिटर्नमध्ये तेल पाईपच्या तळाने वाहायला हवं आणि वरची अर्धी जागा हवेला मोकळी राहायला हवी.

तुमच्या होजच्या पोटात तेल साचून राहतं, बेसिनखालच्या वळणात पाणी राहतं तसं. मागून येणारं तेल ते ढकलू शकत नाही, मग ते टर्बोच्या मधल्या घरात चढतं. टर्बोच्या शाफ्टवर इंजिनच्या ऑइल सीलसारखी रबरी ओठाची सील नसते. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात, आणि घर रिकामं वाहतं राहिलं तरच त्या तेल अडवतात. घर तेलाने भरलं की नवी कोरी रिंगही टर्बाइनकडे तेल सोडेल. नवीन कार्ट्रिज याच होजवर बसवलंत तर तेही पहिल्याच घाटात निळा धूर काढेल.

घाटातच धूर का, तर तुमचा पाईप मागून पुढे जातो. चढावर गाडीचं नाक वर होतं आणि पुढे जाणाऱ्या पाईपचा उतार तेवढाच कमी होतो. दहास एकचा चढ म्हणजे पावणेसहा अंश. लोड सगळ्यात जास्त, तेल सगळ्यात पातळ आणि उतार सगळ्यात कमी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतात. साचलेलं तेल गरम टर्बाइन हाउसिंगमध्ये उतरतं आणि वर येऊन आयडलला गाडी उभी राहिली की जळून दिसतं.

कार्ट्रिज तपासायचं तर गाडी थंड असताना इनटेकचा होज काढा आणि शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवा. बाजूला थोडं हलणं ठीक आहे, बुश तेलाच्या थरावर तरंगणारेच असतात. आत-बाहेर हाताला जाणवेल इतकं हलता कामा नये. व्हीलच्या पात्यांच्या टोकांवर किंवा घराच्या भिंतीवर घासल्याच्या चकचकीत खुणा असतील तर मात्र कार्ट्रिज गेलं.

ब्रीदरही (क्रॅंककेसमधला गॅस बाहेर सोडणारी नळी) बघा. आयडलवर तेल भरायचं झाकण सैल करून ठेवा. ते जोरात उडू लागलं किंवा सतत फुसफुस येत राहिली तर क्रॅंककेसमध्ये प्रेशर आहे, आणि ते प्रेशर रिटर्नच्या तोंडातून उलटं वर चढतं. ब्रीदरची नळी चिखलाने तुंबलेली असेल तर कितीही सुंदर पाईप केलात तरी धूर जाणार नाही.

आणि इंटरकूलर (टर्बोतून इंजिनकडे जाणारी हवा थंड करतो तो) उतरवून आतलं तेल ओतून टाका. हे टाळू नका. तिथे वाटीभर तेल साचलं असेल आणि पूर्ण रेसवर इंजिनने ते ओढलं, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी फिरवून बंद होत नाही.

खराद_सियागंज

पाईप लोखंडीच करा. रबर फक्त शेवटच्या दोन-अडीच इंचांत, खाली ब्लॉकजवळ.

माल: सीमलेस एमएस (साधं पोलाद) किंवा ३०४ स्टेनलेस, बाहेरून १९ मिमी, जाडी १.५ मिमी, म्हणजे आतून १६ मिमी. लोहा मंडीत तुकड्याने मिळतो, अर्धा मीटर पुष्कळ झाला. तांब्याचा पाईप हाताने छान वळतो म्हणून लोक लावतात, पण थरथरीने तांबं कडक होत जातं आणि फ्लँजच्या कडेला गोल तडा जातो. ॲल्युमिनियम मेनिफोल्डशेजारी नको.

आधी गॅस वेल्डिंगची ३–४ मिमीची तार घेऊन प्रत्यक्ष जागेवर वळवा आणि तोच साचा धरा. तुमच्या मापांत मी असं करीन: फ्लँजपासून पहिले ६० मिमी सरळ खाली, तिसऱ्या आणि चौथ्या पोर्टच्या मधून. मग मेनिफोल्डच्या खालून पुढे वळवायचा. राहिलेली ८० मिमी उंची १७० मिमीत उतरवायची, म्हणजे २५ अंशांचा उतार. घाटात पावणेसहा वजा केले तरी १९ उरतात, तेल सहज वाहील. याच्या उलट, आधी आडवा नेऊन शेवटी खाली टाकला तर आडव्या भागात तेल रेंगाळतं आणि नेमकं टर्बोच्या पोटाशीच तुंबतं. टर्बोचं तोंडही उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत हवं. कोणी मधलं घर फिरवून बसवलं असेल तर आधी ते सरळ करा.

वळणाचा रेडियस ४० मिमीच्या खाली नको. बेंडर नसेल तर पाईपमध्ये कोरडी बारीक वाळू ठासून, दोन्ही टोकं बंद करून, लाल करून वळवा. ओली वाळू अजिबात नको, वाफेने बूच उडतं. वळल्यावर १४ मिमीची बेअरिंगची गोळी एका टोकातून सोडा. ती दुसऱ्या टोकातून आपल्या वजनाने बाहेर आली पाहिजे. अडकली तर तिथे पाईप चेपलाय किंवा वेल्डिंगचा थेंब आत लोंबतोय.

फ्लँज ८ ते १० मिमी पट्टीचा, वेल्डिंग आर्गॉनने. वेल्ड झाल्यावर फ्लँज केळीसारखा वाकतोच, म्हणून तोंड खरादावर वेल्डिंगनंतर मारून घ्या, आधी मारून उपयोग नाही. काचेवर पॉलिशपेपर ठेवून फ्लँज चार वेळा घासा, सगळीकडे सारखी चमक आली की बरोबर. पॅकिंग कंपनीचं किंवा ग्रॅफाइटचं. लाल-काळा सिलिकॉन तिथे एक थेंबही लावू नका. बोल्ट आवळला की तो आत फुगतो, गरमीने सुटतो आणि १६ च्या भोकाचं १० करून ठेवतो. एम८ बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्या.

मूळ पाईप तडकला का, हेही समजून घ्या, नाहीतर नवाही तडकेल. ५०० अंशांच्या फरकाला बिडाच्या मेनिफोल्डची ३०० मिमी लांबी दीड मिमीहून जास्त वाढते. टर्बो त्याच्यावर बसलेला, म्हणून तोही सरकतो. ब्लॉक त्या मानाने जागेवर राहतो. दोन्ही टोकं कडक बांधली तर रोज ती दीड मिमी फ्लँजच्या वेल्डमधून वसूल होते. म्हणून खाली लवचीक तुकडा हवा. पाईपला आधाराची पट्टी द्यावी लागलीच तर टर्बोच्या बाजूच्या धातूवरून द्या. ब्लॉकला बांधलीत तर लवचीक तुकडा असून नसल्यासारखा.

खालच्या टोकाला गोल उठाव काढा, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे. सपाट टोकावरून तेल लागलेला होज हळूहळू सरकतो.

रबर_आणि_होज

वरच्या उत्तरांशी सहमत. होजच्या बाबतीत बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडं सविस्तर.

दुकानात टर्बोचं नाव काढलं की हायड्रॉलिक होज पुढे करतात, वर १००आर१एटी किंवा आर२ छापलेलं असतं, आणि सांगतात की शेकडो बारचा आहे, डोळे मिटून लावा. रिटर्नमध्ये प्रेशर नाहीच, त्या बारचं काय करायचं? त्याच्या आत नायट्राइल रबर असतं, ते सतत सोसेल असं तापमान १०० अंश. घाटात टर्बोतून उतरणारं तेल १२०–१३० सहज असतं, आणि इंजिन बंद केल्यावर प्रवाह थांबला की मेनिफोल्डची धग आणखी भर घालते. तुमचा होज कडक झाला तो यानेच. नायट्राइल जास्त तापलं की त्याची लवचीकता जाऊन ते भाजल्यासारखं होतं.

निळा किंवा काळा चकचकीत सिलिकॉन होज दिसायला भारी आणि २०० अंश सोसणारा. पण साध्या सिलिकॉनला गरम इंजिन ऑइल चालत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, भिंतीतूनच घाम फुटल्यासारखं तेल झिरपतं. रेडिएटरचा होज ईपीडीएमचा, तोही तेलात फुगतो. तुम्हाला हवा तो एफकेएम अस्तराचा, ज्याला बाजारात वायटॉन म्हणतात. साधारण २०० अंश सतत सोसतो. सिलिकॉनच घ्यायचा असेल तर आत एफकेएम अस्तर आहे हे कापलेल्या टोकाकडे बघून खात्री करा, आतला थर वेगळ्या रंगाचा किंवा पोताचा दिसतो.

दुसरा पर्याय स्टीलच्या जाळीतला टेफ्लॉन होज, २३० च्या पुढेही टिकतो. पण आखूड जागेत तो वळत नाही, मोडतो, आणि एकदा मोड आली की आतून कायमची चपटी राहते. वर दिलेल्या पाईपला तो लागणारच नाही. तरीही कोणी लावणार असेल तर दहा नंबर घ्या, फिटिंग ७/८-१४, ३७ अंशांच्या कोनाची. बीएसपीच्या (ब्रिटिश पाईप आट्यांच्या) अर्धा इंची निपलवर ते जबरदस्तीने चढवू नका. बीएसपीचेही इंचाला १४ आटे, म्हणून दोन फेरे लागतात आणि बसल्यासारखं वाटतं, पण व्यास आणि आट्याचा कोन दोन्ही वेगळे.

तुमच्यासाठी ६५ ते ७० मिमीचा एफकेएम तुकडा. दोन्ही पाईपांच्या टोकांमध्ये १० मिमी मोकळी फट, बाकी दोन्हीकडे चढलेला. पेचाच्या भोकं पाडलेल्या पट्टीची क्लिप नको, तिच्या खाचांतून रबर कापलं जातं. आतून गुळगुळीत पट्टीची किंवा स्प्रिंगची क्लिप घ्या. एकदा इंजिन पूर्ण गरम होऊन थंड झालं की पुन्हा आवळा, पहिल्याच तापण्यात रबर बसतं.

अंतर: लोखंडी पाईप मेनिफोल्डपासून २० मिमीच्या आत नको. रबरी तुकडा मेनिफोल्डपासून ७५ मिमी दूर, आणि मध्ये शील्ड. पाईप मेनिफोल्डच्या खालून जातो म्हणून बेफिकीर राहू नका. गरम हवा वर जाते हे खरं, पण लाल व्हायला आलेल्या बिडाची किरणांची धग खाली तितकीच लागते.

शील्ड ०.८ ते १ मिमी स्टेनलेस पत्र्याचं. २० मिमीचा आकडा इथूनच येतो: १० मिमी हवा, पत्रा, पुन्हा १० मिमी हवा. मध्ये एकच पत्रा उभा केला तरी किरणांची उष्णता ढोबळमानाने निम्मी होते, पत्रा चकचकीत असेल तर त्याहून कमी. पण हवा दोन्ही बाजूंना हवी. पत्रा पाईपला टेकवून बांधलात तर तो तव्यासारखा पाईपलाच भाजतो. जीआय पत्रा वापरू नका, जस्त ४२० अंशांना वितळतं आणि त्याआधीपासूनच पापुद्रे सुटतात. पत्र्याची खालची कड उघडी ठेवा, तेल गळलंच तर साचू नये.

देवासनाका

एक मत वेगळं मांडतो. स्लीव्ह अगदीच वाईट नाही. सिलिकॉन लेपाची काचेची स्लीव्ह २६० अंश सतत सोसते आणि ट्रकमध्ये कंपनीही ठिकठिकाणी लावते. लोखंडी पाईपवर चढवायला काय हरकत? मी तर मेनिफोल्डवरही काचेची पट्टी गुंडाळावी म्हणेन, धग मुळातच कमी होईल.

पीथमपूर_टेस्टबेंच

लोखंडी पाईपच्या मधल्या भागावर, दोन्ही जोड उघडे ठेवून, चालेल. तिथे माझा विरोध नाही. जोडावर मात्र नको. स्लीव्हखाली गळती दिसतच नाही, आणि काचेचं कापड तेल पिऊन दिव्याच्या वातीसारखं होतं. आज थेंब पडतोय हे सिमरोलवाल्या दादांना दिसलं म्हणून त्यांनी विचारलं. स्लीव्ह असती तर आठवडाभर पत्ताच लागला नसता.

मेनिफोल्डवर पट्टी अजिबात गुंडाळू नका. उष्णता आत कोंडून बीड ठरवल्यापेक्षा जास्त तापतं आणि पोर्टांच्या मधे तडकतं. वर फीडचा बॅन्जो (पोकळ बोल्टचा जोड) आहे, त्याचा तांब्याचा वॉशर कधीतरी पाझरणारच. ती पट्टी तेल पिऊन तयार बसली असेल तर एक घाट पुरतो.

सिमरोल_लोडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. शाफ्ट तपासला: बाजूला किंचित हलतो, आत-बाहेर काही जाणवत नाही, पात्यांवर खुणा नाहीत. ब्रीदरची नळी अर्धी तुंबलेली निघाली, साफ केली. इंटरकूलरमधून चहाच्या दोन कपांएवढं तेल आलं. पाईपचं काम करायला टाकतोय. दोन शंका: एक जण म्हणतो की ब्लॉकचं तोंड बंद करून चेंबरलाच (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) नवीन भोक पाडा, उतार आणखी मिळेल. ते करावं का? आणि पाईप लागल्यावर पहिल्यांदा चालू कसं करायचं?

खराद_सियागंज

चेंबरला हात लावू नका. १९ अंश पुरेसे आहेत. चेंबरमधलं भोक तेलाच्या पातळीच्या वर असावं लागतं, आणि ही पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर, गाडी उतारावर कलंडलेली धरून मोजायची. पातळीच्या खाली गेलं की पाईपमध्ये तेल कायम उभं राहतं, म्हणजे तुमचं पोट पुन्हा आलं. शिवाय क्रॅंकची वजनं तेल उडवतात त्या रेषेत तोंड आलं तर तिथूनही अडथळा. कंपनीने ब्लॉकमध्ये दिलेली जागा हे सगळं बघूनच दिलेली असते. तिचं तोंड मात्र बोट घालून बघा, आत जुन्या सिलिकॉनची किंवा जळक्या तेलाची कडा असते.

पाईप बसवण्याआधी आतून तारेचा ब्रश, मग डिझेलने धुवून हवा मारा. वेल्डिंगची खपली इथून टर्बोत जात नाही, चेंबरमध्ये पडते, पण पुढे ती ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसते.

पीथमपूर_टेस्टबेंच

चालू करताना: फीडचा बॅन्जो उघडून टर्बोत ऑइल कॅनने स्वच्छ तेल भरा, व्हील हाताने फिरवत राहा, आणखी थोडं भरा. बॅन्जोचे वॉशर नवे टाका. मग डिझेल बंद ठेवून १०–१० सेकंद सेल्फ मारा, तेलाच्या प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर स्टार्ट, दोन-तीन मिनिटं नुसता आयडल, रेस नाही. फ्लँजच्या आणि क्लिपांच्या भोवती आधी टाल्कम पावडर फुंकून ठेवा. पांढऱ्यावर तेलाचा ओला डाग टॉर्चने लगेच दिसतो. पावडर कोरडी राहिली तर रिकामी गाडी २० किमी फिरवा, थंड होऊ द्या, क्लिपा पुन्हा आवळा, पुन्हा पावडर.

निळा धूर पहिल्याच दिवशी थांबेल असं धरून चालू नका. सायलेन्सरमध्ये जुनं तेल बसलेलं आहे, ते जळून जायला भरल्या गाडीचे ५०–६० किमी लागू शकतात. कमी होत जातोय का ते बघा. तेवढं चालवूनही तितकाच राहिला, तर ब्रीदर आणि ब्लो-बाय (पिस्टनच्या बाजूने क्रॅंककेसमध्ये निसटणारा गॅस) पुन्हा तपासा. कार्ट्रिजचा विचार त्यानंतर.

घाट चढून लगेच चावी काढू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा. लगेच बंद केलं की मधल्या घरात अडकलेलं तेल टर्बाइनच्या धगीने जळून कोळशासारखं चिकटतं आणि रिटर्नचं तोंड आतूनच बारीक होत जातं. पुढच्या तेल बदलाच्या वेळी रिटर्नचा फ्लँज उघडून तिथे टॉर्च मारा. काळी कडक कड दिसली तर लाकडी काडीने खरवडून काढा. धातूचं काही आत घालू नका.

आणि केबिनमध्ये सीटमागे २ किलोचा ड्राय पावडरचा सिलिंडर ठेवा, हाताला लागेल असा. पेटत्या तेलावर पाणी मारायचं नसतं, हे गाडीवरच्या पोरालाही सांगून ठेवा.